आधी प्रत, मग दुरुस्ती : संगणकीय खेळातील जतन माहितीचे रक्षण

बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या सीमावर्ती तालुक्यांत मराठी बोलणाऱ्या कुटुंबांची वस्ती मोठी आहे. अन्य भागांप्रमाणे येथेही संगणक व भ्रमणध्वनी घरोघरी पोहोचले असून, मुलांची त्यांच्याशी पहिली ओळख बहुधा खेळांच्या द्वारे होते. एखादे दिवशी खेळ उघडेनासा होतो. ‘काढून टाका आणि पुन्हा घाला’ असा सल्ला कोणीतरी देतो. तसे केल्यावर खेळ सुरू होतो खरा, परंतु तो पहिल्या पायरीपासून. कित्येक महिन्यांच्या सुट्ट्यांत गाठलेली मजल क्षणात पुसली गेलेली असते.

वडीलधाऱ्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटणे स्वाभाविक आहे. तथापि त्याच संगणकावर शिक्षकांच्या गुणपत्रिका, बचत गटाचा हिशेब आणि घरातील छायाचित्रेही असतात. खेळाची नोंद ज्या चुकीमुळे नष्ट होते, त्याच चुकीमुळे ही माहितीही नष्ट होऊ शकते. म्हणून हा विषय सर्वांनीच समजून घेणे अगत्याचे आहे.

खेळ निराळा, नोंद निराळी

संगणकावरील कोणत्याही खेळाचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे मूळ कार्यक्रम. तो बीदरमध्ये जसा असतो तसाच पुण्यात असतो व बिघडल्यास पुन्हा मिळविता येतो. दुसरा भाग म्हणजे खेळणाऱ्याने जतन केलेली नोंद : तो कोणत्या टप्प्यावर पोहोचला, त्याने काय मिळविले, काय उभारले. ही नोंद त्या एकाच खेळाडूची असते. छापील कोरी नोंदवही बाजारात केव्हाही मिळते, पण तीत हाताने लिहिलेले नोंदींचे पान हरवले तर ते कोणत्याही दुकानात मिळत नाही. या दोहोंतील भेदही तसाच आहे.

प्रारंभीच्या अनेक खेळांत नोंद जतन करण्याची सोय नव्हती. यंत्र बंद केले की सारे पुसले जाई. १९८६ साली जपानमध्ये निघालेल्या ‘द लिजेंड ऑफ झेल्डा’ या खेळात प्रगती चकतीवर जतन करता येऊ लागली. पुढील वर्षी अमेरिकेत हाच खेळ डबीच्या स्वरूपात आला, तेव्हा नोंद टिकविण्यासाठी त्या डबीत एक लहान विद्युत्‌घट बसविला होता. असा घट संपला की नोंदही जाते. जतन केलेली वस्तू आपोआप कायमची होत नाही, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

नोंद कोठे असते?

दुरुस्तीत काय जाईल आणि काय राहील, हे नोंदीच्या जागेवर अवलंबून असते. १९९९ सालच्या ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या दुसऱ्या आवृत्तीत जतन केलेले डाव खेळाच्याच फोल्डरमध्ये राहतात. तो फोल्डर पुसला की डावही पुसले जातात. २००३ साली संगणकावर आलेल्या ‘व्हाइस सिटी’ या खेळाच्या नोंदी मात्र वापरकर्त्याच्या ‘डॉक्युमेंट्स’ विभागात असतात. नुसता खेळ काढून टाकल्याने त्या बहुधा जात नाहीत, परंतु संपूर्ण संगणक ‘फॉरमॅट’ केला तर त्याही जातात.

‘माइनक्राफ्ट’ या खेळाच्या संगणकावरील जावा आवृत्तीत ‘सेव्हज्’ नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक जगासाठी स्वतंत्र फोल्डर असतो. त्यातील मुख्य फाइलची आधीची प्रत हा खेळ स्वतःच शेजारी ठेवतो. मात्र ती प्रत त्याच फोल्डरमध्ये असल्याने फोल्डर गेल्यास दोन्ही जातात.

भ्रमणध्वनीवर ‘क्लिअर कॅश’ व ‘क्लिअर डेटा’ असे दोन पर्याय जवळजवळ दिसतात. पहिल्याने तात्पुरती साठवण रिकामी होते. दुसऱ्याने त्या फोनमध्ये असलेली खेळाची नोंद पुसली जाते. नव्या फोनमध्ये या दुसऱ्या पर्यायाचे नाव ‘क्लिअर स्टोरेज’ असेही असते. जे खेळ आंतरजालावर खेळले जातात त्यांची नोंद सामान्यतः कंपनीच्या यंत्रावर, खेळाडूच्या खात्याशी जोडलेली असते. तेथे खाते व परवलीचा शब्द सांभाळणे हेच रक्षण होय. ‘पाहुणा’ म्हणून खेळणाऱ्याने खेळ काढून टाकण्यापूर्वी आपली नोंद खात्याशी जोडून घ्यावी.

काही खेळांची नोंद आंतरजालावरही आपोआप साठविली जाते. ही सोय उपयुक्त असली तरी पुरेशी नाही, कारण बिघडलेली नोंदही तितक्याच तत्परतेने वर जाते. संगणकावरील व आंतरजालावरील नोंदींत तफावत आढळल्यास कोणती ठेवावी, असा प्रश्न पडद्यावर येतो. उत्तर देण्यापूर्वी संगणकावरील नोंदीची प्रत वेगळी काढावी आणि दोहोंचे दिनांक व वेळ पाहूनच निवड करावी.

प्रत घेण्याची रीत

१. खेळ पूर्णपणे बंद करावा. खेळ चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट राहण्याचा संभव असतो.

२. नोंदीचा फोल्डर शोधून तो संपूर्ण उचलावा. एखादीच फाइल घेऊ नये. ‘कट’ न करता ‘कॉपी’ करावे, म्हणजे मूळ नोंद जागेवर राहते.

३. प्रत पेन ड्राइव्हवर अथवा दुसऱ्या संगणकावर ठेवावी. त्याच चकतीवरील प्रत चकती बिघडल्यास निरुपयोगी ठरते.

४. प्रतीच्या नावात दिनांक लिहावा. जुन्या प्रतीवर नवी प्रत चढवू नये.

५. प्रत उघडून फाइलींची संख्या व आकार मुळाशी ताडून पाहावा. न तपासलेल्या प्रतीवर विसंबून राहणे धोक्याचे असते.

यानंतरच दुरुस्तीला हात घालावा. सौम्य उपायांपासून सुरुवात करावी : प्रथम संगणक बंद करून पुन्हा सुरू करणे, मग खेळाच्या फाइली तपासणे, त्यानंतर खेळ नव्याने घालणे, आणि सर्वांत शेवटी ‘फॉरमॅट’. एका वेळी एकच उपाय केल्यास कशाने गुण आला ते कळते.

कधी कधी दोष खेळात नसून नोंदीतच असतो. खेळ नोंद लिहीत असतानाच वीज गेली तर फाइल अर्धवट राहते. अशा वेळी हाताशी प्रत असल्यास मूळ नोंद तात्पुरती बाजूला सारून खेळ उघडून पाहावा. तो सुरळीत उघडला तर दोष नोंदीत आहे असे समजावे व आधीच्या दिनांकाची प्रत वापरावी. नोंद परत ठेवतानाही प्रतीची आणखी एक प्रत करून तीच वापरावी.

बीदरची साक्ष

या नियमाचे महत्त्व सांगणारी वास्तू बीदर शहरातच उभी आहे. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने १४७२ साली येथे मदरसा बांधला. तेथे मोठा ग्रंथसंग्रह होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस, औरंगजेबाच्या काळात, दारूच्या साठ्याचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग कोसळला. उरलेल्या भिंती आणि रंगीत फरशांनी मढविलेला मनोरा आजही पाहावयास मिळतो. दगडविटांची डागडुजी करता आली. ग्रंथसंग्रह मात्र परत आणता आला नाही. ज्या हस्तलिखिताची दुसरी प्रत कोठेच नव्हती, ते कायमचे गेले.

अलीकडचे उदाहरण जमिनीच्या नोंदींचे आहे. कर्नाटकात ‘भूमी’ योजनेखाली सुमारे २ कोटी पहाणीपत्रके संगणकावर आणली गेली आणि २००० नंतरच्या काही वर्षांत तालुक्याच्या ठिकाणी संगणकीय उतारे मिळू लागले. अशा दप्तराची प्रत राखणे हे शासकीय यंत्रणेचे काम असते. घरातील वा शाळेतील संगणकाची प्रत राखणारे मात्र दुसरे कोणी नसते. ते काम ज्याचे त्यानेच करावे लागते.

शाळांसाठी पाठ

शिक्षकांना या विषयाचा उत्तम उपयोग करून घेता येईल. हिशेबाच्या फाइलची प्रत घ्या म्हटले तर मुलांचे लक्ष लागणार नाही. आपल्या खेळाची प्रत घ्या म्हटले तर प्रत्येकजण पुढे येईल. विद्यार्थ्याने प्रत घ्यावी, मूळ फोल्डर शिक्षकांसमक्ष बाजूला ठेवावा आणि प्रतीवरून खेळ पूर्वीच्याच टप्प्यावर आणून दाखवावा. हा पाठ एका तासिकेत पुरा होतो.

महत्त्वाच्या माहितीसाठी मात्र तीन प्रती असाव्यात : त्या दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक निराळ्या जागी. संगणक दुरुस्तीला देतानाही ‘माझी माहिती राहील ना?’ असे दुकानात विचारण्यापेक्षा ती घरी काढून ठेवूनच संगणक न्यावा. दुरुस्ती उद्याही करता येते; पुसलेली नोंद परत मिळेलच, याचा भरवसा कोणालाही देता येत नाही.