चार्जरविना आलेले लॅपटॉप

जून २०२० मध्ये आयआयटी मुंबईने पुढचं सत्र पूर्ण ऑनलाइन घेण्याचं जाहीर केलं. संचालक शुभाशिस चौधुरी यांनी त्याच वेळी मदतीचं जाहीर आवाहन केलं. गरजू मुलांच्या लॅपटॉप-इंटरनेटसाठी साधारण पाच कोटी रुपये लागणार होते. आयआयटीतल्या मुलांनाही यंत्राची चणचण असते, हे त्यांनी उघडपणे सांगितलं, याचं मला फार मोल वाटतं. आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजांना त्यातूनच मागायचा धीर आला.

मी तेव्हा कॉलेजची संगणक प्रयोगशाळा सांभाळत होतो. नवे लॅपटॉप घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून कंपन्यांकडे वापरलेले मागितले. आयकराच्या हिशेबात संगणकाच्या उरलेल्या किमतीवर वर्षाला ४० टक्के घसारा धरतात. चार वर्षांत कागदोपत्री किंमत जेमतेम १३ टक्के उरते. तेव्हा देणारे भेटतात. एका कंपनीने खोकी पाठवली, फोटोही काढून झाले. खोकी उघडली तर निम्म्यांना चार्जर नाही, आणि बाकीचे सुरू करताच बायोसचा पासवर्ड मागतात. तो ठेवणारा माणूस नोकरी सोडून गेलेला. हा पासवर्ड विंडोज नव्याने टाकूनही जात नाही. आमच्या जुन्या लॅब असिस्टंटने त्या माणसाचा नंबर मिळवून त्याला गाठलं, म्हणून ती यंत्रं उघडली.

मग खरी डागडुजी. हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली की चार जीबी रॅमवरही काम निभावतं. रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी टोकांवर खोडरबर फिरवायचा, परत बसवायची. मेलेलं वाटणारं यंत्र उठतं. झाकणावरच्या स्टिकरचा चिकटा खोबरेल तेलाने निघतो. उबुंटू टाकलं आणि आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे मराठी धडे आतच भरून ठेवले, म्हणजे मुलांचा डेटा त्यात जायला नको.

एवढं करून गाडी ऑफिसात अडली. लॅपटॉप डेड स्टॉक रजिस्टरला चढले, आता कॅम्पसबाहेर कसे काढायचे? ऑडिटरला काय दाखवायचं? शंभराच्या स्टॅम्पपेपरवर पालकांकडून हमी घ्या, असं ठरलं. पहिल्याच दिवशी एक वडील कागद हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, “सर, पोरीला शिकवायचंय. पण फुटला तर भरायचं कुठनं? ऱ्हाऊ द्या.” आणि निघाले.

त्यांना थांबवलं आमच्या ग्रंथपाल मॅडमनी. त्या थेट प्राचार्यांकडे गेल्या. “बुक बँकेतून पुस्तकाचा संच वर्षभर देतो, तेव्हा स्टॅम्पपेपर मागतो का? हे माझ्या काउंटरवरून जाऊ द्या.” प्राचार्यांनी मान्य केलं. लायब्ररी कार्डावर नोंद, सत्र संपलं की परत, बिघडला तर लॅबमध्ये आणायचा. त्या मुलीचा लॅपटॉप त्याच दुपारी गेला. मदत योजनांचं यश किती यंत्रं वाटली यावर मोजतात, ते मला पटत नाही. बिघडल्यावर परत कुणाकडे यायचं, हे मुलाला ठाऊक असेल तरच ती योजना.

ही लॅपटॉप बँक आजही त्याच काउंटरवरून चालते. बहिःशाल अभ्यासक्रमाची मुलं, नोकरी करून रात्री शिकणाऱ्या बायका येतात. चार्जर मात्र अजून कमी पडतात. कुणी देणार असेल तर यंत्रासोबत चार्जर द्यावा, आणि पाठवण्याआधी बायोसचा पासवर्ड तेवढा काढावा.