क्लबांचा करंडक आणि खेळाचे कायदे

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ऑलिंपिकचे सुवर्णपदक उभे राहते; युरोपात मात्र या खेळाचा संसार गावोगावच्या क्लबांनी, सभासदांच्या वर्गणीवर, पिढ्यान्‌पिढ्या चालविला, आणि या क्लबांमध्ये श्रेष्ठ कोण याचा निवाडा करण्यासाठी जी स्पर्धा निघाली, तिनेच पुढे जगभरच्या हॉकीचे कायदे पालटले.

१९६९ साली अनौपचारिकपणे सुरू झालेल्या या स्पर्धेची पहिली दोन विजेतेपदे बार्सिलोनाजवळच्या तेरासा या कापडगिरण्यांच्या शहरातील एगारा क्लबाने मिळविली. त्यानंतर पाच वर्षे फ्रँकफुर्ट १८८० या जर्मन क्लबाचा अंमल चालला, आणि त्याच्याच अमदानीत, १९७४ साली, स्पर्धेस अधिकृत दर्जा प्राप्त झाला. १९७६ ते १९७८ लंडनच्या साउथगेटने बाजी मारली. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी तर सोव्हिएत कझाकस्तानातील अल्मा-आता येथील डायनॅमो संघाने युरोपचा करंडक मध्य आशियात नेला. परंतु १९८८ ते १९९६ अशी सलग नऊ वर्षे रूर खोऱ्यातील म्यूलहाइमच्या उलेनहोर्स्ट क्लबाने जे निर्विवाद स्वामित्व गाजविले, त्यास तोड नाही. पेनल्टी कॉर्नरवरील जबरदस्त फटक्यासाठी विख्यात असलेला कार्स्टेन फिशर याच क्लबाचा. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये जर्मनीला सुवर्ण मिळाले, त्या संघातही तो होता, आणि ते सामने झाले तेरासा येथेच.

२००७ साली जुन्या स्पर्धेच्या जागी युरो हॉकी लीग आली आणि तिने सत्तर मिनिटांच्या खेळाचे चार भाग पाडले. त्याहून दूरगामी ठरली ती दुसरी सुधारणा. पूर्वी फ्री हिट मिळालेल्या खेळाडूस चेंडू सहकाऱ्याकडे धाडावाच लागे, आणि तेवढ्या अवधीत प्रतिपक्ष आपला बंदोबस्त करून घेई. आता त्याने चेंडू स्टिकने किंचित हलवावा आणि स्वतःच घेऊन सुटावे, अशी मुभा मिळाली. खेळाला वेग आला, आणि २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमावलीनेही ती मुभा मान्य केली.

राष्ट्राच्या प्रतिष्ठेचे ओझे शिरावर असलेली स्पर्धा असले प्रयोग करण्यास कचरते. क्लबांना ते ओझे नव्हते. २०१९ साली बेल्जियमच्या वॉटरलू डक्सने आणि २०२१ पासून सलग तीनदा हॉलंडच्या ब्लूमेंडालने हा मान पटकाविला, ती नावे विक्रमांच्या दप्तरी राहतील. पण फ्री हिट मिळताच स्वतःच धावत सुटणारा पुण्याचा पोरही, नकळत का होईना, याच क्लबांचा ऋणी आहे.