हाडासाठी औषधाचे ठिबक सिंचन

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील केळी-उत्पादकांना ठिबक सिंचनाचे तत्त्व सांगावयास नको. पाणी पाटाने सोडल्यास बरेचसे वाया जाते. तेच थेंबाथेंबाने मुळाशी दिले की थोड्यात काम भागते. अस्थिरोगांवर औषध देण्याची एक पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

अपघातात मोडलेले हाड कातडी फाडून बाहेर आले, की जखमेतून जंतू आत शिरतात. संसर्ग हाडात मुरला म्हणजे तेथील रक्तपुरवठा खुंटतो व हाडाचा तुकडा निर्जीव होतो. तोंडाने किंवा शिरेतून दिलेले प्रतिजैविक रक्तावाटेच जात असल्यामुळे अशा ठिकाणी पुरेसे पोहोचत नाही. मात्रा वाढवावी, तर जेंटामायसिनसारख्या औषधाने मूत्रपिंडास व श्रवणशक्तीस अपाय होण्याचे भय असते.

जर्मनीतील बुखहोल्झ व एंगेलब्रेख्त यांनी १९७० साली कृत्रिम सांध्याच्या सिमेंटमध्ये प्रतिजैविक मिसळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे निर्जीव हाड काढून टाकल्यावर त्या पोकळीत अशा सिमेंटचे मणी ठेवले जाऊ लागले. त्यांतून औषध कित्येक दिवस जागच्या जागी पाझरते. रक्तात मात्र अल्पच उतरते. हे मणी विरघळत नसल्याने ते काढण्यास बहुधा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. कॅल्शियम सल्फेटचे मणी मात्र काही आठवड्यांत शरीरातच विरून जातात.

जंतू नष्ट झाले तरी गेलेले हाड भरून यावे लागते. हाडातच नवे हाड उत्पन्न करविणारे द्रव्य असते, हे अमेरिकेतील मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखविले. असे एक प्रथिन कोलॅजनच्या स्पंजात भिजवून वापरण्यास तेथे २००२ मध्ये मान्यता मिळाली. परंतु ते स्पंजातून लवकर निसटते, म्हणून मात्रा मोठी द्यावी लागते. मानेच्या मणक्यांत वापरल्यावर घातक सूज आल्याने २००८ मध्ये तेथील शासनाला इशारा द्यावा लागला. म्हणूनच हे प्रथिन सूक्ष्म कणांत साठवून हळूहळू सोडण्याचे संशोधन चालू आहे.

तथापि पहिल्या काही तासांतील काळजीची जागा कोणतेही मणी घेऊ शकत नाहीत. उघड्या जखमेवर माती, शेण वा हळद लावू नये. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये व घट्ट बांधणी करू नये. जखम स्वच्छ कापडाने झाकावी, अवयवास पट्टीचा आधार द्यावा आणि रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. धनुर्वाताची लसही वेळेवर घ्यावी; प्रतिजैविक वेळेवर मिळाल्यास हाडात संसर्ग मुरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.