परड्यातले औषध

'हित्तल गिड मद्दल्ल' ही कन्नड म्हण आपल्या सीमाभागात मराठी माणसाच्याही तोंडी सहज येते. परड्यातल्या झाडाला औषध म्हणून कोणी मोल देत नाही, असा तिचा अर्थ. मराठीत आपण 'पिकते तेथे विकत नाही' म्हणतो, त्याच जातकुळीची ही म्हण. एरवी ती माणसांना उद्देशून वापरली जाते. पण पंचवीसेक वर्षे लहान मुलांना तपासल्यानंतर मला ती शब्दशः परड्यालाच लावावीशी वाटते. घरामागची दहा-पंधरा पावलांची मोकळी जागा हे एक औषध आहे, आणि नव्या वसाहतीत घर बांधताना आपण नेमके तेच आधी गमावून बसतो. हा उपदेश नव्हे. ही चूक मी स्वतः केली आहे.

जुने परडे

शहापूर, वडगाव, खासबाग या भागांतील जुनी घरे दर्शनी बाजूला अरुंद आणि आत लांबच लांब. सोपा, माजघर, स्वयंपाकघर ओलांडून मागचे दार उघडले की परडे. तेथे विहीर, न्हाणी, तुळशीवृंदावन, कढीलिंब आणि जास्वंद. हे सारे वाटेल तसे मांडलेले नसे. न्हाणीचे पाणी केळीला आणि आळूला जाई, त्यामुळे सांडपाण्याचे डबके होत नसे. सकाळचे ऊन पडे तेथे तुळस असे आणि पर्यायाने घरातली वृद्ध बाईही तेथेच बसे. जळणाची लाकडे भिंतीपासून दूर रचलेली असत, कारण त्यांत विंचू निघतो हे सर्वांना ठाऊक होते. कोणत्याही वास्तुविशारदाने न आखलेली ही योजना होती. पण योजना होती, एवढे निश्चित.

पुढे शहर वाढले. टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर अशा वसाहती झाल्या. नंतर 'बुडा'चे आणि खासगी लेआउट आले. तीस बाय चाळीस किंवा चाळीस बाय साठ फुटांची साईट, मंजूर नकाशा, चारही बाजूंना सोडावयाची जागा आणि वसाहतीच्या रहिवासी संघाचे नियम. परडे नाहीसे झाले आणि त्याच्या जागी 'सेटबॅक' हा शब्द आला.

नियम कोठून आले?

सेटबॅक म्हणजे सरकारने आपल्या मालकीच्या जमिनीवर घातलेली आडकाठी, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. वैद्यकव्यवसायातील माणसाने तरी तसे समजू नये, कारण या नियमाच्या मुळाशी एक साथ आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या चाळींत हवा-उजेड नाही म्हणून रोग फोफावतो, या समजुतीतून १८९८ मध्ये तेथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने पुढे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम वापरला. समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतही आकाशाचा उजेड पोहोचेल, असे त्याचे साधे गणित. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला आणि बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता. आज आपल्याला कर्नाटकाचा १९६१ चा नगर व ग्राम नियोजन कायदा लागू आहे. पण मोकळ्या जागेमागचा विचार तोच आहे.

गंमत अशी, की प्लेगपुरता तो तर्क चुकीचा होता. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्येच दाखवून दिले होते. तरीही कारण चुकीचे असले तरी उपाय योग्य ठरला. हवा आणि ऊन मिळणाऱ्या घरात क्षयाचा संसर्ग कमी पसरतो, हे आपण सारे जाणतो.

माझी चूक

मी घर बांधले तेव्हा मागची जागा रीतसर सोडली होती. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर मात्र वर्षभरातच तेथे गुळगुळीत टाइल्स बसवल्या आणि वर पत्र्याची शेड घातली. धुण्याचे यंत्र, जुनी खोकी आणि दवाखान्यातले मोडके फर्निचर तेथे गेले. जागा 'उपयोगात' आली. रहिवासी संघाने पत्र पाठवले, की सेटबॅकमध्ये शेड घालण्यास परवानगी नाही आणि पन्हळीचे पाणी शेजारच्या हद्दीत पडते. मला राग आला. ज्यांची मुले रात्री-अपरात्री मी तपासली, तेच मला नियम शिकवणार? मी उत्तरही दिले नाही. शेजारी राहणारे निवृत्त कन्नड शिक्षक मात्र एकदा फक्त एवढेच म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या आईंना बसायला ऊन उरलं नाही."

२०१९ च्या ऑगस्टमधला पाऊस बेळगावकर विसरणार नाहीत. त्या आठवड्यात माझ्या शेडचे पाणी मास्तरांच्या स्वयंपाकघरात शिरले. त्याच आठवड्यात, पावसाने शेवाळलेल्या टाइल्सवरून घसरून आई पडली आणि तिच्या मांडीच्या हाडाची मान मोडली. शहापूरच्या परड्यात सत्तर वर्षे ओल्या पायांनी वावरलेली बाई मुलाने बांधलेल्या घरात पडली. अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने शस्त्रक्रिया उत्तम केली. पण क्ष-किरण चित्र हातात घेऊन उभा असताना मला संघाचे ते पत्र आठवत होते.

दिवाळीनंतर शेड काढली आणि टाइल्स उखडल्या. मास्तरांकडे जाऊन क्षमा मागितली.

आखणी कशी करावी?

त्यानंतर जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो. पहिले काम कागदाचे. मंजूर नकाशा आणि संघाची नियमावली समोर ठेवूनच परड्याचा विचार करावा. संघाने संमती दिली म्हणून बांधकामाचा नियम शिथिल होत नाही आणि नकाशा मंजूर आहे म्हणून शेजाऱ्याला विचारण्याची गरज संपत नाही. मोठे झाड तोडायचे असल्यास कर्नाटकाच्या १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली, काही जाती वगळता, परवानगी लागते. म्हणून झाड लावतानाच पुढच्या वीस वर्षांचा विचार करावा. कुंपणालगत वड-पिंपळाच्या जातीचे झाड नको. शेवग्याची फांदी वाऱ्याने सहज मोडते, म्हणून तो शेजाऱ्याच्या छपरापासून दूर असावा. लिंबू, डाळिंब, कढीलिंब, पारिजातक ही लहान परड्याची झाडे.

दुसरे, पाणी. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे २,३६० लिटर पाणी जमते. प्रत्येक घराने आपले आवार काँक्रीटने मढवले, तर हे पाणी गटारात आणि तेथून नाल्यात जाते. बळ्ळारी नाल्याच्या पुराने येळ्ळूर-वडगाव शिवारातील भात बुडते, त्यात आपल्या अंगणांचाही वाटा आहे. म्हणून निम्मी तरी जागा मातीची ठेवावी. चालण्याच्या वाटेपुरती खडबडीत शहाबाद फरशी सांधे न भरता बसवावी आणि तिचा उतार घरापासून दूर, पण आपल्याच हद्दीतील शोषखड्ड्याकडे द्यावा. काळ्या मातीच्या भागात पाणी लवकर मुरत नाही, हे ध्यानात घेऊन खड्डा मोठा करावा आणि घराच्या पायापासून दूर ठेवावा.

तिसरे, ऊन आणि वारा. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून बसण्याच्या जागेला त्या बाजूने भिंतीचा आडोसा असावा. निपाणीकडे उन्हाळा अधिक कडक असतो. तेथे पश्चिमेला सावली हवी. पूर्वेचे सकाळचे ऊन मात्र कोठेही अडवू नये.

चौथे, आणि बालरोगतज्ज्ञ म्हणून सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे मुलांची सुरक्षितता. संपचे झाकण जड आणि कुलपाचे हवे. रांगते मूल अर्ध्या बादली पाण्यातही बुडू शकते. कुंपणाला मोगली एरंड किंवा पिवळी कण्हेर लावू नये. पहिल्याच्या बियांनी उलट्या-जुलाब होतात, तर दुसरीचे विष थेट हृदयावर काम करते. विटा-दगडांचे ढीग साठवू नयेत. विंचूदंशावर प्रॅझोसिनचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिला, हे आपले भाग्य. पण ते औषध देण्याची वेळ न येणे अधिक चांगले. कुंडीखालच्या ताटलीतले पाणी आठवड्यातून एकदा ओतून ती कोरडी करावी. एडिस डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात.

अमेरिकेतील नातेवाइकांचे अंगण

आपल्यापैकी पुष्कळांची मुले अमेरिकेत आहेत. तेथील वसाहतींतील घरमालक संघांचे नियम ऐकले, की आपला संघ सौम्य वाटू लागतो. कुंपणाची उंची, ओट्याचा रंग, हिरवळीची लांबी, सारे ठरलेले. अनेक ठिकाणी कपडे दोरीवर वाळत घालण्यासही मनाई असे. पण नियम अतिरेकी झाले की तेथे कायदा मध्ये पडतो. २०१४ च्या दुष्काळात पाणी वाचवण्यासाठी हिरवळ सुकू देणाऱ्या रहिवाशांना संघाने दंड करू नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने केला. यातून आपण एक कसोटी घ्यावी. जो नियम हवा, पाणी, उजेड आणि शेजारधर्म राखतो, तो पाळावा. जो केवळ देखाव्यासाठी आहे, तो संघाच्या सभेत चर्चेला आणावा. सभेला न जाता घरी बसून संघाला नावे ठेवणे, हा आम्हा डॉक्टरांचा जुना दोष आहे.

औषधाची मात्रा

परडे औषध आहे, असे मी म्हटले, त्याला आधारही आहे. चीनमधील ग्वांगझू येथे बारा शाळांत एक चाचणी झाली आणि २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांतील सहा-सात वर्षांच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जादा उघड्यावर नेले. तीन वर्षांत या मुलांपैकी ३०.४ टक्के मुलांना, तर इतर शाळांतील ३९.५ टक्के मुलांना लघुदृष्टीचा दोष नव्याने जडला. मोठ्यांबाबत रॉजर उलरिक यांचा १९८४ चा अभ्यास प्रसिद्धच आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. चष्म्यासाठी माझ्याकडून नेत्रतज्ज्ञाकडे जाणाऱ्या मुलांच्या पालकांना मी आता एक प्रश्न आवर्जून विचारतो: "घरामागे काय आहे?" बहुतेक वेळा उत्तर येते, "मोटारसायकली."

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा आमचे परडे जेमतेम तीन महिन्यांचे होते. लिंबाचे रोप गुडघ्याएवढे. आई वॉकर घेऊन खडबडीत फरशीवरून तुळशीपर्यंत जाई आणि उन्हात खुर्चीवर बसे. कुंपणापलीकडून मास्तर तिच्याशी बोलत. ती मराठीत, ते कन्नडमध्ये, आणि दोघांचेही काही अडत नसे. त्यानंतर ती तीन वर्षे होती. तिच्या औषधांचा तक्ता मीच ठेवत असे. त्यात सकाळच्या त्या तासाची नोंद मी कधी केली नाही.

लिंबाला आता फळे येतात. पहिली टोपली मास्तरांकडे दिली, तेव्हा ते हसून म्हणाले, "डॉक्टर, हित्तल गिड मद्दल्ल अंतारल्ला?" म्हणतात खरे तसे, पण म्हण सुधारण्याची वेळ आली आहे. आपल्या सभासदांपैकी जे यंदा घर बांधणार असतील, त्यांनी नकाशावर सही करण्यापूर्वी मागच्या मोकळ्या जागेकडे एकदा डॉक्टर म्हणून पाहावे, एवढीच विनंती.