रायबोसोमी आरएनएचा कोश आणि तुलनेची शिस्त

भाषांचे कूळ ठरवावयाचे झाल्यास अभ्यासक उसने शब्द प्रथम बाजूस सारतो आणि नातेवाचक शब्द, संख्यावाचके, सर्वनामे यांवर भिस्त ठेवतो. कारण ही सामग्री शेजाऱ्याकडून सहसा घेतली जात नाही. सजीवांच्या कुळाचा शोध घेणाऱ्यांनीही अशीच सामग्री निवडली. पेशीतील प्रथिने रायबोसोमात घडतात, आणि रायबोसोमावाचून कोणत्याही पेशीचे चालत नाही. त्यातील आरएनए रेणूच्या कित्येक भागांत बदल खपत नाहीत. १९७७ साली कार्ल वूझ व जॉर्ज फॉक्स यांनी याच रेणूच्या तुलनेवरून मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव इतर जीवाणूंहून मुळातच निराळे असल्याचे दाखविले. पुढे त्यांच्या गटास आर्किया हे नाव मिळाले.

अशा अनुक्रमांचा एक मोठा कोश म्हणजे 'सिल्वा' होय. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ अरण्य. जर्मनीत ब्रेमेन येथील माक्स प्लांक सागरी सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेत तो आकारास आला. २००७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. आवृत्ती १३८.१ मध्ये रायबोसोमाच्या लहान घटकाचे ९४ लाखांहून अधिक अनुक्रम आहेत. निवड करून व जवळजवळ एकसारखे अनुक्रम एकत्र धरून त्यांतील सुमारे ५ लाख १० हजारांचा निवडक संच केलेला आहे.

परंतु संग्रहाची खरी योग्यता संख्येत नसून मांडणीत आहे. ई. कोलाय या जीवाणूचा हा रेणू १५४२ अक्षरांचा; सिल्वात मात्र तो ५०,००० स्तंभांच्या पटावर पसरलेला आढळतो. एखाद्या जीवात मध्येच जादा अक्षरे शिरली असली, तर त्यांच्यासाठी जागा मोकळी ठेवावी लागते, नाहीतर पुढील सारी तुलना सरकते. 'मातृ' आणि 'मातेर' यांतील त-कारासमोर त-कारच ठेवावा लागतो, तसेच हे. येथे रेणूची घडीही साक्ष देते. घडीत समोरासमोर येणाऱ्या जोडीतील एक अक्षर बदलले, तर पुष्कळदा दुसरेही अनुरूप बदलते. असा जोडबदल दिसला म्हणजे स्थान बरोबर जुळल्याची खात्री पटते.

फसवणुकीचे प्रकारही आपल्या परिचयाचेच. प्रयोगशाळेत जनुकाच्या प्रती वाढविताना दोन जीवांचे तुकडे कधी एकमेकांस जोडले जातात, आणि दोन पोथ्यांच्या मिश्रपाठाप्रमाणे अस्तित्वातच नसलेला जीव जन्मास येतो. असे अनुक्रम हुडकून वगळावे लागतात.

नावांविषयी मात्र वाचकाने सावध असावे. सिल्वाचे संपादक वर्गीकरण प्रजातीपर्यंतच तपासतात. त्याखालील जातीचे नाव अनुक्रम सादर करणाऱ्याने दिलेले असते. ते प्रमाण मानून निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते. ई. कोलाय आणि आमांश घडविणारा शिगेला यांचे हे अनुक्रम इतके सारखे आहेत की, रुग्णाच्या नमुन्यात दोहोंपैकी कोण आहे याचा निवाडा त्यांवरून होत नाही. तेथे इतर जनुकांची साक्ष काढावी लागते.