नाणेघाट : मुरबाड ते जुन्नरची जुनी पायवाट

मुरबाड आणि जुन्नर ही दोन्ही तालुक्याची गावे. मुरबाड ठाणे जिल्ह्यात, कोकणच्या सखल पट्ट्यात. जुन्नर पुणे जिल्ह्यात, घाटमाथ्याच्या पलीकडे. दोहोंच्या मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. आज माळशेज घाटाच्या रस्त्याने मोटार काही तासांत या गावाहून त्या गावी पोहोचवते. प्रवासी खिडकीतून कडे आणि धबधबे पाहतो आणि पुढे निघून जातो. मात्र हा रस्ता होण्याच्या कितीतरी शतके आधी या दोन मुलखांना जोडणारी वाट थोडी दक्षिणेकडे होती. तिच्यावरून बैलांचे तांडे, व्यापारी, सैनिक आणि भिक्षू ये-जा करीत. ती वाट म्हणजे नाणेघाट. दोन हजार वर्षांनंतरही ती पायी चालता येते, आणि एकदा तरी सहकुटुंब चालावी अशी ती आहे.

पायथ्याचे रान

मुरबाडहून माळशेजकडे जाणारा महामार्ग सरळगाव, टोकावडे ही गावे ओलांडून वैशाखरे येथे येतो. या गावाच्या थोडे पुढे उजव्या हाताला नाणेघाटाची वाट फुटते. बहुतेक लोक येथपर्यंत एस. टी. बसने किंवा वाहनाने येतात, आणि तेच योग्य. कारण वर्दळीच्या महामार्गावरून चालण्यात आनंद नाही. खरी पायवाट येथून सुरू होते.

पहिला टप्पा जवळजवळ सपाट आहे. पानझडीचे रान, मध्ये एखादा कोरडा ओढा, पुन्हा रान. वाट चुकण्याचा संभव असतो तो याच भागात, कारण गुराख्यांच्या आणि लाकूडफाट्याला जाणाऱ्यांच्या अनेक पाऊलवाटा एकमेकींना छेदून जातात. समोर अंगठा उभारावा तसा एक सुळका आकाशात घुसलेला दिसतो. त्याला ‘नानाचा अंगठा’ म्हणतात. तो नजरेसमोर ठेवला की दिशा सहसा चुकत नाही. अंगठ्याच्या बाजूच्या खिंडीतच घाटाचा माथा आहे.

पुढे चढ लागतो. प्रथम मातीची वाट, मग दगडगोटे, आणि माथा जवळ येऊ लागला की हाताने रचलेल्या दगडांची फरसबंदी. येथे चालणाऱ्याचा वेग आपोआप मंदावतो. पायांखालचे काही दगड इतके गुळगुळीत झाले आहेत की त्यांवरून किती पावले आणि किती खूर गेले असतील याचा हिशेब मनात सुरू होतो. सवयीने चालणाऱ्यास पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे तीन तास लागतात. मुले किंवा वडीलधारी माणसे बरोबर असतील तर चार तास धरावेत.

राणीचे लेणे

माथ्याच्या थोडे अलीकडे, खिंडीच्या तोंडाशी, कातळात खोदलेले एक दालन आहे. जवळच पाण्याची टाकी आहेत. बाहेरून पाहता थकलेल्या प्रवाशांसाठी केलेली विश्रांतीची जागा, इतकेच वाटते. आत शिरून डोळे अंधाराला सरावले की डाव्या आणि उजव्या भिंतीवर ओळींमागून ओळी दिसू लागतात. एका भिंतीवर दहा आणि दुसऱ्या भिंतीवर दहा अशा वीस ओळींचा हा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जातो. महाराष्ट्राच्या इतिहासाचे जे सर्वात जुने लिखित पुरावे आज हाती आहेत, त्यांत याचे स्थान फार वरचे आहे.

बहुतेक अभ्यासकांच्या मते हा लेख सातवाहन राजा पहिला सातकर्णी याची राणी नागनिका हिचा आहे. पतीच्या निधनानंतर मुलगा लहान असताना राज्याचा भार तिने वाहिला, असे इतिहासकार मानतात. लेखात धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि लोकपाल यांना वंदन आहे. त्यानंतर अश्वमेध, राजसूय इत्यादी वैदिक यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या दानांची यादी आहे. गाई, घोडे, हत्ती, वस्त्रे, आणि कार्षापण नावाची नाणी. एका ठिकाणी तर २४,४०० कार्षापणांचा आकडा आहे.

या वैभवाच्या यादीत राणीचे वर्णन मात्र वेगळ्याच शब्दांत आले आहे. महिनाभराचा उपवास करणारी, घरात राहून तापसीचे जीवन जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी, असे तिच्याबद्दल म्हटले आहे. धर्मपरंपरा वेगळी असली, तरी मासोपवासाचे मोल ठाऊक असलेल्या घरांतील वाचक या शब्दांपाशी थांबल्यावाचून राहणार नाही. हजारो गाई आणि नाणी देणाऱ्या राणीची ओळख पुढच्या पिढ्यांना सांगताना तिच्या व्रतस्थ जीवनाचाही उल्लेख व्हावा, असे त्या काळी कोणाला तरी वाटले.

व्यापारी घराण्यातील वाचकांना आणखी एक गोष्ट मोलाची वाटेल. दानांची मोजदाद करण्यासाठी या लेखात अंकचिन्हे वापरली आहेत. भारतात अंक लिहून दाखविण्याच्या सर्वात जुन्या उदाहरणांत यांची गणना होते. शून्य आणि स्थानमूल्य यांची सोय तेव्हा नव्हती. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे होती. तरीही चोपडीत आज आपण जे आकडे मांडतो त्यांचे पूर्वज या भिंतीवर आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही.

दालनाच्या मागच्या भिंतीवर एके काळी राजकुटुंबातील आठ व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. वर त्यांची नावे कोरलेली आहेत. सातवाहन कुलाचा सिमुक, देवी नागनिका, राजा सातकर्णी, महारठी, राजकुमार. प्रतिमा काळाच्या ओघात नष्ट झाल्या. आता पावलांच्या खुणा काय त्या उरल्या आहेत. १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने या लेण्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जर्मन विद्वान ब्यूलर यांनी लेख वाचून त्याचा अर्थ उलगडला.

दगडी रांजण

लेणे मागे टाकून अरुंद खिंडीतून वर आले की एकदम मोकळे पठार लागते. तेथे दगडात घडविलेला एक मोठा रांजण आहे. घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी जकातीची नाणी यात टाकायची, अशी पद्धत होती असे सांगतात, आणि घाटाचे नाव नाण्यांवरूनच पडले असे मानतात. रांजणाविषयीची गोष्ट परंपरेने आलेली आहे. येथून मोठा व्यापार चाले याविषयी मात्र शंका नाही. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जाई. ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील जुन्या प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये तर ‘यवन’, म्हणजे ग्रीक, लोकांचीही नावे कोरलेली आहेत. समुद्रापलीकडून आलेली ही माणसे या परिसरात वावरली होती.

पठाराच्या काठावर उभे राहिले की सह्याद्रीची रचना एका दृष्टिक्षेपात कळते. मागे पश्चिमेला पडणारे पाणी उल्हास नदीच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला मिळते. पुढे थोड्याच अंतरावर उगम पावणारी कुकडी नदी मात्र घोड, भीमा आणि कृष्णा यांच्यासह बंगालच्या उपसागराकडे जाते. पावसाळ्यात कोकणातून येणारा वारा कड्याला धडकून इतक्या जोराने वर उसळतो की खाली पडू पाहणारे पाणी उलटे वर फेकले जाते. हा ‘उलटा धबधबा’ पाहण्यासाठी हल्ली मोठी गर्दी लोटते.

जुन्नरकडे

माथ्यालगतचे गाव घाटघर. येथील वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. पावसाळी भात आणि रानातला हिरडा ही येथील उपजीविकेची साधने. दक्षिणेला जीवधन किल्ला आणि त्याच्या शेजारी ‘वानरलिंगी’ हा उभा सुळका. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे चार किल्ले या व्यापारी वाटेचे पहारेकरी. १८१८ साली इंग्रजांनी जीवधन आणि चावंड यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उद्ध्वस्त केल्या. चढताना त्या तुटलेल्या जागी आजही हातांचा आधार घ्यावा लागतो.

घाटघरपासून जुन्नर सुमारे तीस किलोमीटर. आता डांबरी रस्ता आहे, पण वाहने थोडी असल्याने चालणे सुखाचे होते. वाटेत पूर या गावी कुकडीच्या उगमाजवळ कुकडेश्वराचे कोरीव दगडी मंदिर लागते. त्यापुढे चावंड, आपटाळे आणि माणिकडोह धरणाचा विस्तीर्ण जलाशय. दुसऱ्या दिवशी सायंकाळी शिवनेरीचा डोंगर समोर येतो. १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो हाच किल्ला. गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. एवढे दान कोठून आले, या प्रश्नाचे उत्तर घाट चढून आलेल्या प्रवाशाला वेगळे सांगावे लागत नाही.

वाट कोणी जपायची?

ही वाट बांधणाऱ्यांनी तीत पाण्याची टाकी खोदली, विसाव्याची जागा केली, दगड रचले. पुढच्या प्रवाशाची काळजी त्यात आहे. आजच्या प्रवाशाकडून तेवढी काळजी परत मिळते का, हा खरा प्रश्न आहे. दोन हजार वर्षे टिकलेला लेख एका खिळ्याच्या ओरखड्याने कायमचा बिघडतो. दालनात चूल पेटविली की काजळी अक्षरांवर बसते. टाक्यात टाकलेली एक पिशवी सर्वांचे पाणी नासवते. नागनिकेच्या लेखातील काही शब्द आताच वाचता येत नाहीत. जे उरले आहेत ते पुन्हा कोरता येणार नाहीत.

दुसरीही एक हानी आहे, आणि ती आवाज न करता होते. पायवाट जिवंत राहते ती चालणाऱ्यांमुळे. पूर्वी घाटमाथ्यावरची माणसे बाजारासाठी, सोयरिकीसाठी, यात्रेसाठी अशाच वाटांनी कोकणात उतरत. रस्ते झाले, त्यांचे कष्ट वाचले. ते चांगलेच झाले. मात्र केवळ मोटारीने माथ्यावर येऊन धबधबा पाहून परतणारेच उरले, तर खालची वाट झुडपांत हरवेल. वर्षातून एकदा मुलांना घेऊन हा घाट चढणे, हीसुद्धा वाट जपण्यास हातभार लावण्याचीच रीत आहे.

जाणाऱ्यांसाठी

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मुसळधार पावसात फरसबंदी निसरडी होते आणि ओढे अचानक भरतात, तेव्हा मुलांना नेऊ नये. सूर्योदयाबरोबर चालण्यास प्रारंभ करावा, म्हणजे उन्हे तापण्याआधी लेण्याची सावली गाठता येते. दर माणशी तीन लिटर पाणी आणि कोरडा शिधा घ्यावा. टाक्यांच्या पाण्यावर विसंबू नये. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी वाट माहीत असलेला स्थानिक माणूस बरोबर घ्यावा व त्याच्या श्रमाचा योग्य मोबदला द्यावा. ओझे जितके कमी, तितका चढ सोपा.

माथ्यावरच्या दगडी रांजणात आज कोणी जकात मागत नाही. आपला कचरा आपल्या पिशवीत घेऊन उतरावे, भिंतीला हात न लावता अक्षरे पाहावीत आणि मुलांना त्या राणीची गोष्ट सांगावी. या वाटेची जकात इतकीच आहे, आणि ती प्रत्येकाला परवडणारी आहे.