एअरबॅग घ्यायची का? आधी छेद बघा

समजा, तुम्ही गुलमर्गला गोंडोलाने वर जाऊन आखलेल्या उतारांबाहेर स्कीइंग करणार आहात. दुकानदार म्हणतो, "हिमस्खलनाची एअरबॅग घ्या, जवळपास सगळे वाचतात." घ्यायची?

थांबा. 'सगळे' म्हणजे कोण? जे कडेला जेमतेम सापडले, ते एअरबॅगशिवायही वाचलेच असते. त्यांना छेदात धरलं की टक्केवारी फुगते. 2014 मध्ये हेगेली आणि सहकाऱ्यांनी फक्त गंभीररीत्या सापडलेल्यांची तुलना केली. फुगलेली एअरबॅग नसताना मृत्यूचं प्रमाण 22 टक्के, असताना 11. फायदा खरा आहे, पण तो निम्म्याचा. शिवाय पाचातल्या एकाची बॅग फुगलीच नाही, आणि त्यातही निम्म्याहून जास्त वेळा हँडल ओढायचंच राहून गेलं!

म्हणून आधी ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं, तेही गटातल्या प्रत्येकाकडे, आणि भरपूर सराव. गाडलेल्या माणसासाठी पहिली 10-15 मिनिटंच निर्णायक असतात. तेवढ्यात सोबतीच पोचू शकतात. एअरबॅग त्यानंतर.

शोधनिबंध वाचतानाही टक्केवारी दिसली की पहिला प्रश्न हाच विचारा: कुणापैकी?